रक्त काढणारा माणूस आणि माझा हिरवा पेला

तो स्वतःला डास म्हणवून घ्यायचा. दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी सातला आमची बेल एकदाच वाजायची आणि दाराबाहेरून आवाज यायचा, "काका, डास आलाय. बाही वर करा."

घरोघरी जाऊन रक्त काढायचं आणि ते लॅबमध्ये पोचवायचं हे त्याचं काम. पन्नाशीचा, ठेंगणा, दाढी नेहमी गुळगुळीत केलेली. मोपेडच्या मागे बर्फाचा निळा डबा बांधलेला. आत आला की आधी हात धुवायचा, मग तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचा. थंड हात लागला की शीर घाबरून आत पळते, असं त्याचं म्हणणं.

ह्यांनी आयुष्यभर नकाशे काढले होते. स्वतःच्या सुकलेल्या हाताकडे बघून ते म्हणायचे, "सगळ्या नद्या आटल्यात रे. तुला पाणी कुठे सापडतं?"

"डासाला विहीर दाखवावी लागत नाही, काका." डोळे मिटून तो बोटाने शीर चाचपायचा, मग तोंडाने बारीक 'गुंऽऽ' असा आवाज काढायचा. हे हसेपर्यंत सुई आत गेलेली असायची.

त्याची हकीकत त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितली, एका चहाला एक तुकडा. तो एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी पिळायचा. तिथल्या एका म्हाताऱ्या नर्सने त्याची बोटं पाहिली आणि त्याला जवळ बसवून शीर शोधायला शिकवलं. सराव त्याने नव्या नवरीच्या हातांवर केला. "तीन वर्षं बायको माझ्याजवळ बसली की दोन्ही हात पाठीमागे घ्यायची," तो सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

त्याच हॉस्पिटलात त्याने एक गोष्ट पाहिली होती, ती मात्र तो हसून सांगत नसे. एकाच नावाच्या दोन रोग्यांच्या नळ्या कोणीतरी अदलाबदल केल्या, आणि एकाला दुसऱ्याचं औषध गेलं. तेव्हापासून त्याचा नियम होता. रोग्याने आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं, ते त्याच्या डोळ्यांसमोर नळीवर लिहायचं, आणि मगच सुईला हात लावायचा. ह्यांना तो चार वर्षं ओळखत होता, तरी दर खेपेला विचारायचा, "नाव?" हे म्हणायचे, "अरे, विसरलास?" तो म्हणायचा, "मी नाही विसरलो, काका. नळी विसरते."

एकदा कप खाली ठेवताना मला म्हणाला, "बावीस वर्षांत माझ्या हातून एक नळी इकडची तिकडे झाली नाही, काकू. शाळा नाही झाली माझी, पण एवढं आहे."

त्याचं तेवढंच जे होतं, ते मी घालवलं.

ह्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज असे आणि तिचा परिणाम तपासणीत एका आकड्याने कळे. तो दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्त वाहण्याची.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या वर्गाच्या सिस्टरनी आम्हा मुलींना डायरीची सवय लावली. वर तारीख, खाली दिवसाची हकीकत, आणि पानाच्या तळाशी एक ओळ : आज माझं काय चुकलं. ती ओळ मी साठ वर्षं सोडली नाही. लग्नानंतर एका वहीच्या दोन झाल्या, मोठ्या वहीत दिवस आणि माणसं, छोटीत स्वयंपाकघर. ह्यांच्या आजारपणात गोळ्या आणि तपासण्यांचे आकडे मोठ्या वहीत गेले. काय शिजलं, काय संपलं, ते छोटीत. दोन्ही वह्या एका टेबलावर असत, पण एकदम उघडलेल्या कधी नसत.

त्या वर्षी एका साप्ताहिकात मी भाज्यांच्या रंगांवरचा लेख वाचला. शरीरात रोज थोडा गंज चढतो, आणि पालेभाज्यांतली, फळांतली अँटिऑक्सिडंट्स तो उतरवतात. प्रतिकारशक्ती वाढते, रोग दाराशीच थांबतो. लेखाबरोबर रंगीत तक्ता होता. मी तो कापून फ्रिजवर लावला आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. पालकाची मोठी जुडी, कोबीची बाहेरची हिरवीगार पानं, अर्धं सफरचंद, लिंबू, सगळं मिक्सरमधून काढून काठोकाठ एक पेला. सकाळी सहाला ह्यांच्यासमोर.

"हे काय, तळ्यातलं पाणी?" हे म्हणाले.

"नाक दाबा आणि घ्या. तुमच्यासाठीच आहे."

ते नाक दाबून घेत. तीन आठवड्यांत ह्यांची सर्दी गेली. ती ऋतू बदलला म्हणूनही गेली असेल, पण मी ते रसाच्या खात्यावर जमा केलं, आणि ओळखीतल्या चौघींना कृतीही लिहून दिली.

मग आकडा एक पूर्णांक चारवर आला.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चुकल्या? खाण्यात काही बदल?"

"काही नाही," मी म्हणाले आणि मोठी वही पुढे केली. प्रत्येक गोळीपुढे खूण होती. खोटं बोलतेय असं मला तेव्हा वाटलं नाही. बदल म्हणजे बाहेरचं, तळलेलं, गोड. मी तर सुधारणा केली होती. डॉक्टरांनी वही चाळली. "असं लिहिणारे सगळेच रोगी मिळाले तर! मग लॅबमध्येच काही झालं असेल. परत तपासा."

मध्येच मी बहिणीकडे आठवडाभर गेले. सून जेवणखाण बघत होती, रसाचा खटाटोप तिने केला नाही. परत आल्यावर तपासणी झाली आणि आकडा आला दोन पूर्णांक तीन. मी पुन्हा मिक्सर चालू केला. पुढच्या खेपेला पुन्हा एक पूर्णांक चार.

त्या मंगळवारी डास चहा घेत होता. ह्यांचा रिकामा पेला टेबलावर होता, आतून हिरवा. त्याने पेल्याकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "काकू, काका हे रोज घेतात का? नाही म्हणजे, ह्या गोळीवाल्यांना हिरवं एकदम वाढवू नका म्हणून सांगतात. डॉक्टरांना घातलंत कानावर?"

एका धुलाईखान्यातून आलेल्या माणसाने मला, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला, आहार शिकवावा! मी म्हणाले, "तुमचं काम रक्त काढायचं. तेवढं नीट करा."

त्याने कप अर्धा ठेवला. "चुकलं, काकू," म्हणाला आणि डबा उचलून गेला.

"अगं, तो काय वाईट बोलला?" हे म्हणाले. त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं आहे : रक्तवाल्याने नसत्या चौकशा केल्या.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "खाण्यात खरंच काही नाही ना?" इथे मात्र मला सांगायला हवं. त्या क्षणी मला त्याचा प्रश्न आठवला होता. पेलाही डोळ्यांसमोर आला होता. पण तो म्हणाला ते मी कसं म्हणणार? मी म्हणाले, "नाही."

घरी येऊन मी लॅबच्या मालकांना पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात, तारीखवार. अमुक दिवशी एक पूर्णांक चार, अमुक दिवशी दोन पूर्णांक तीन, पुन्हा एक पूर्णांक चार. गोळ्यांत बदल नाही, आहारात बदल नाही. सबब नमुने घेणाऱ्या इसमाकडून नळ्यांची अदलाबदल होत असावी. इतकं व्यवस्थित पत्र खोटं असेल असं कोणाच्या मनात येणार? त्याच्या बाजूला होता त्याचा शब्द, माझ्या बाजूला तारखा.

त्याचं घरोघरी जाणं बंद झालं. आम्ही लॅब बदलली. नव्या लॅबची मुलगी यायची, नाव न विचारता रक्त काढायची, आकडा तरीही खालीच. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तेव्हाही मला काही सुचू नये!

दोन महिन्यांनी मी तापाने दहा दिवस अंथरुणाला खिळले. अकराव्या सकाळी बेसिनपाशी हे दात घासत होते आणि बेसिन लाल झालं. हिरड्यांतलं रक्त थांबेना. नाकातूनही आलं. हॉस्पिटलमध्ये नेलं, आकडा होता साडेसहा.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं, "इतक्यात काही नवीन सुरू केलं? किंवा काही बंद?"

"तसं काही नाही," सून म्हणाली. "आईंचा तो हिरवा रस तेवढा बंद होता. त्या आजारी होत्या ना."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी समजावून सांगितलं. पालेभाज्या चांगल्याच. पण त्याच पानांत के जीवनसत्त्व असतं, ते रक्त गोठायला मदत करतं, आणि ही गोळी नेमकी त्याच्या उलट ओढते. रोज ठरावीक भाजी खाल्ली असती तर गोळी तिच्या हिशेबाने बसवता आली असती. पेला आला की आकडा खाली, पेला गेला की वर. "आणि आजी, आयुष्यभर भाज्या-फळं खाणाऱ्यांना फायदा होतो हे खरं. पण प्रतिकारशक्ती म्हणजे काही टाकी नव्हे, जास्त ओतलं की जास्त भरेल अशी. आणि गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या ताटात काय वाढलं, ते डॉक्टरांना कळायलाच हवं."

घरी येऊन मी दोन्ही वह्या पहिल्यांदाच शेजारी उघडल्या. छोटीत पालक लिहिलेला होता तिथे मोठीत आकडा खाली. छोटीत पालक नव्हता तिथे वर. सगळं माझ्याच अक्षरात.

हे बरे झाले. घरी आल्यावर पहिलं वाक्य म्हणाले, "त्या डासाला जाऊन भेट."

"उद्या जाते," मी म्हणाले.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत त्यांनी मला सहा वेळा आठवण केली, सहाही वेळा वहीत आहेत. दर वेळी माझं उत्तर तेच. कधी पाऊस होता, कधी गुडघा. मग ते झोपेतच गेले, हृदय थांबून, त्या पेल्याचा त्यात हात नव्हता असं डॉक्टर सांगतात. आणि सातव्यांदा आठवण करणारं कोणी उरलं नाही.

गेल्या महिन्यात मला माझ्याच तपासण्या सांगितल्या. मी त्या जुन्या लॅबमध्ये गेले, तो भेटलाच तर म्हणून त्या वर्षाच्या दोन्ही वह्या पिशवीत घालून. काउंटरमागच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद लावला होता. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून चष्मा लावला. माझंच पत्र होतं ते. वर लाल अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं : नळ्यांवर लक्ष न ठेवल्यास काय होते.

मालक उठून उभे राहिले. "या, या! तुमच्या पत्राचा फार उपयोग झाला, मॅडम. नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी हे वाचायला लावतो."

"हे खोटं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "चूक माझी होती. मी रस देत होते आणि सांगितलं नाही. त्यांनी मला विचारलंही होतं."

मालक म्हणाले, "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट झाली. आता कशाला?"

आतल्या खोलीतून काचेच्या नळ्यांचा आवाज येत होता, तो थांबला. डास दारात येऊन उभा राहिला. ॲप्रन ओला, हातांची कातडी साबणाने सुरकुतलेली. केस सगळे पांढरे. चार वर्षं तो त्या खोलीत नळ्या धूत होता, आणि येता-जाता ती भिंत त्याच्या समोर होती.

"काका गेले ते कळलं होतं," तो म्हणाला. "यायचं मनात होतं. म्हटलं, त्यांच्या घरी आता डास नको."

मी हात जोडले. त्यानेच विचारलं, "वह्या आहेत अजून?"

"पिशवीत आहेत. दोन्ही."

"मग लिहा. तोंडी नको, काकू. तेव्हा लिहिलं होतंत तसंच लिहा, तारखा घालून."

काउंटरवर उभी राहून मी लिहिलं. अक्षर जपलं. पेला कधी सुरू झाला, कधी थांबला, त्याने कोणत्या दिवशी मला विचारलं आणि मी त्याला काय म्हणाले, आणि डॉक्टरांना दोन वेळा काय सांगितलं. त्याने कागद घेतला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. एका तारखेवर बोट ठेवलं. "हा सोमवार होता. मी मंगळवारी यायचो." मी वही पाहिली. बरोबर होतं त्याचं. मी तारीख सुधारली.

मालक म्हणाले, "फाइलला लावू या."

"फाइलला नको, साहेब," डास म्हणाला. "ते जिथे होतं तिथे." आणि स्वतः स्टूल घेऊन चढला. जुना कागद काढून त्याने माझ्या हातात दिला आणि नवा चिकटवला.

घरोघरी जायचं काम पुन्हा द्याल का, असं मी मालकांना विचारलं. त्यांच्या आधी तोच म्हणाला, "मोपेड विकली मी. आता बोटंही पूर्वीसारखी राहिली नाहीत."

तरी माझं रक्त त्यानेच काढावं असं मी म्हटलं. मालकांनी मान डोलावली. त्याने हात धुतले, पुसले, तळवे चोळून गरम केले.

"नाव?"

मी माझं पूर्ण नाव मोठ्याने सांगितलं. ते त्याने माझ्या डोळ्यांसमोर नळीवर लिहिलं, आणि मगच सुई उचलली. डोळे मिटले. शीर पहिल्याच खेपेला सापडली. मी तो आवाज येण्याची वाट पाहत होते.

त्याने 'गुं' केलं नाही.

घरी येऊन मी पत्र लिहिलं होतं त्या दिवसाचं पान काढलं. तळाशी ओळ होती : आज काही चुकलं नाही. सिस्टर म्हणायच्या, शाईने लिहिलेलं खोडायचं नाही. मी ती ओळ खोडली नाही.