कोंड्याचं पाणी

महाळुंग्याचे मालोजी कंपनीतून रिटायर झाले आणि त्यांना घर खायला उठलं. बकरी ईद झाली, तसा अजीजच्या मटणाच्या दुकानामागं कातड्यांचा ढीग त्यांच्या नजरेस पडला.

"कुणी नेत नाही का रे?"

"कोण नेणार, मालोजीभाऊ? फुकट दिली तरी गाडी येत नाही. टाकून देतो."

"एक मला दे."

का मागितलं, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

त्यांचे वडील दत्तोबा परसातल्या हौदात कातडी कमवायचे, पण लेकाला हौदाजवळ फिरकू द्यायचे नाहीत. "ह्यो वास माझ्यापातूर राहू दे. तू पुस्तक धर," म्हणायचे. मालोजी कंपनीत पक्के झाले, तसा दत्तोबांनी हौदच मातीनं बुजवला.

पिशवी पाहताच बायकोनं, कस्तुराबाईनं, पदर नाकाला लावला. "गच्चीवर न्या. मी हात लावायची न्हाई."

मालोजींनी पिंपात चुना कालवून कातडं भिजत घातलं. केस सुटल्यावर बोथट सुरीनं खरवडले. मग बाभळीची साल उकळून त्यात ते बुडवलं, तर पाणी काळंकुट्ट झालं आणि कातडं पत्र्यासारखं ताठ. मध्ये काहीतरी आंबूस वासाचं असायचं, एवढं आठवत होतं. पण काय? हिरडा? चऱ्होलीच्या चुलतभावाला फोन लावला, तो म्हणाला तुरटी. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक जण दही सांगत होता. मालोजींचं डोकं भणभणलं.

वाळलेले कपडे काढायला आलेली कस्तुराबाई पिंपापाशी थबकली.

"चुना तसाच हाय आत. कोंड्याच्या पाण्यात आंबवलंच न्हाई तुमी."

"तुला काय ठाऊक?"

"मला? लगीन होऊन आले तवा सासूबाई आन मीच आंबवायचो. साल बी आमीच कांडायचो. तुमी दिवसभर कंपनीत."

हे काम आपल्या बापाचं, असंच मालोजी जन्मभर धरून चालले होते.

"मग कधी बोलली नाहीस?"

"तुमी कधी इचारलं? वास जावा म्हणून हात घासून घासून सालटी निघायची. त्येच सांगायचं व्हय?"

कातडं घरात आणून गुन्हा केला की बरं केलं, ते मालोजींना कळेना. तरी ते अजीजकडून दुसरं कातडं घेऊन आले. या वेळी कस्तुराबाई लांब खुर्ची टाकून बसली आणि तिथूनच सांगत राहिली.

दुसरं कातडं तांबूस, मऊ उतरलं. मानेपाशी तेवढं ताठ राहिलं. मालोजी करंजाचं तेल चोळू लागले, तशी ती उठली, त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि स्वतःच जोरजोरात चोळू लागली.

"चुकलं का गं माझं, हे घरात आणून?"

"कड धरा नीट," ती म्हणाली. रागानं की कशानं, मालोजींना उमगलं नाही. त्यांनी कड घट्ट धरली.