बियाण्यात ठेवलेला श्वास

माणूस जन्मला की देव त्याला एकच गोष्ट न मागता देतो, ती म्हणजे श्वास. झरी गावच्या ठकीने तो श्वास उभा जन्म दुसऱ्यांच्या मांडवात वाटला. ठकी धवलेरी होती. तिच्या वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी. ती गाते, तिच्या गाण्यातून देव मांडवात येतात, आणि गाणे पुरे झाले की लग्न लागले. गाणे अडले तर लग्न अडले. चाळीस वर्षे ठकीचे गाणे अडले नव्हते.

त्याच चाळीस वर्षांत तिच्या छातीत धूर साठत होता. कुडाचे घर, खिडकी नाही, पावसात ओली लाकडे, वाकून वाकून फुंकणीने फुंकलेली चूल. पण धुराला तिने कधी वैरी मानले नाही. चुलीच्या वर आढ्याला भाताच्या बियाण्याचा मुडा टांगलेला असे, पेंढ्यात आवळून बांधलेला, धुराने काळाभोर झालेला. त्या धुरामुळेच बियाण्याला कीड लागत नसे. घरात उपास पडला तरी मुड्याला हात लावायचा नाही, ही त्या घराची रीत. धुराने बी राखले आणि बी राखणारीची छाती पोखरली. देवा, तुझ्या दारी हा कसला न्याय?

आधी खोकला आला. मग विहिरीवरून येताना दोनदा बसावे लागू लागले. मग एक दिवस लुगडे नेसतानाच धाप लागली, तेव्हा गावची आशा सेविका चंद्रिका तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला नळीत फुंकायला लावले आणि समजावून सांगितले, "आजी, तुमच्या छातीतल्या श्वासाच्या वाटा धुराने अरुंद झाल्यात. त्या पहिल्यासारख्या होणार नाहीत. पण आहेत तेवढ्या उघड्या ठेवता येतील. ही कॅप्सूल गिळायची नाही. या यंत्रात घालून आतली पूड तोंडाने जोरात ओढायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. बरं वाटलं तरीही. धाप लागली की ओठ आवळून हळू श्वास सोडायचा, असा. आणि चुलीपासून लांब राहायचं."

महिनाभर ठकीने नेमाने औषध ओढले. विहिरीवरून येताना एकदाच बसावे लागले. सून पुष्पा गॅसवर भात शिजवू लागली; चूल पेटे ती पाणी तापवायला आणि बियाण्याला धूर द्यायला. ठकीचा नवरा तुक्या म्हणाला, "म्हातारे, आता तू मला पुरून उरशील." ठकी म्हणाली, "तुझी विडी आधी विझव, मग बघू कोण उरतं ते."

दिवाळीनंतर नातीचे, शितलचे, लग्न चैत्रात ठरले. शितलने आजीचा हात धरून सांगितले, "आये, माझ्या लग्नात दुसरी कोणी गायची नाही." ठकीने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून तिच्या मनात एकच विचार घर करून बसला: लग्नाचे गाणे दिवसभर चालणार, एवढा श्वास आणायचा कुठून?

ज्या घरात बी राखतात, त्या घरच्या बाईला याचे उत्तर शोधावे लागत नाही. तिने औषध राखायला सुरुवात केली. बरे वाटेल त्या दिवशी ओढायचे नाही, बाजूला ठेवायचे. पुढे पुढे बरे नसेल त्या दिवशीही दात आवळून बसायचे. एकेक कॅप्सूल पाकिटातून काढून ती फडक्यात बांधी आणि ते फडके मुड्याच्या पेंढ्यात खोचून ठेवी. घरातली सर्वांत जपलेली जागा तीच. चंद्रिका विचारी, "ठकीआजी, रोज घेता ना?" ठकी म्हणे, "घेते की." धाप वाढत होती, पाय सुजत होते, आणि ठकी मुड्याकडे पाहून स्वतःची समजूत घालत होती की आपला श्वास वर सुखरूप टांगला आहे.

लग्नाच्या सकाळी तिने फडके सोडले. चुलीच्या उष्णतेने, वाफेने कॅप्सूल चिकटून गेल्या होत्या, आतली पूड खडा झाली होती. त्यातल्या बऱ्या दिसल्या त्या पाच-सहा तिने एकामागून एक ओढल्या. हात थरथरू लागले, काळीज उडू लागले, छाती मात्र उघडली नाही. तरीही ती नवे लुगडे नेसून मांडवात जाऊन बसली. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिलेला, समोर मान खाली घालून शितल.

ठकीने पहिली ओळ उचलली. दुसरीही गायली. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर श्वास संपला. तोंड उघडे, ओठ निळसर, आवाज नाही.

पुष्पा धावली. "आये, ऊठ, गाडी बोलावते."

ठकीने तिचा हात झटकला आणि शेजारी साथीला बसलेल्या लाडकीला जवळ ओढले. लाडकीला चाल येत होती, सगळे शब्द येत नव्हते. ठकीने ओठ आवळले, निखाऱ्यावर हळू फुंकर घालावी तसा श्वास सोडला, जसा डॉक्टरीणबाईंनी शिकवला होता. त्या एका श्वासावर तिने अर्धी ओळ लाडकीच्या कानात घातली. लाडकीने ती गायली. पुन्हा फुंकर, पुन्हा अर्धी ओळ. ऊन मांडवावरून उतरेपर्यंत असे चालले. लग्न लागले. शितल रडत होती, आणि ते रडणे सासरी जाणाऱ्या पोरीचे नव्हते.

मग ठकीला दवाखान्यात नेले. नाकाला प्राणवायूची नळी लावली. पुष्पाने ते फडके डॉक्टरीणबाईंपुढे धरले. त्यांनी एक चिकटलेली कॅप्सूल बोटांनी फोडून पाहिली.

"कुठे ठेवलं होतं हे?"

"बियाण्यात," ठकी कुजबुजली.

"आजी, हे बियाणं नव्हतं. हा रोजचा भात होता. या पाच महिन्यांत जे गेलं, ते आता मला परत आणता येणार नाही."

ठकीने डोळे मिटले.

आता ती सकाळ-संध्याकाळ औषध ओढते. पुष्पा समोर उभी राहते आणि रिकामी कॅप्सूल बघितल्याशिवाय हलत नाही. चूल अंगणापलीकडे गेली, मुडाही तिच्याबरोबर गेला. लग्नाचे आमंत्रण आले की ठकी जाते. पण आता लाडकी गाते. ठकी तिच्या मागे बसते, ओठ आवळून हळू श्वास सोडते, आणि लाडकी एखादा शब्द विसरली तरच पुढे वाकते. तेवढा श्वास ती अजूनही राखून आहे.