सगुणाबाईंचा शास्त्रपाठ

सगुणाबाईंना मी दोनदा गप्प बसवलं होतं.

आज दुपारी त्यांना माती दिली. सकाळपासून फोन येतायत, "पास्टर, तुम्हीच तर त्यांना पुढे आणलंत."

नाही. तसं घडलेलं नाही. म्हणून लिहितोय.

सगुणाबाई लोणीच्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. अर्धं आयुष्य कळपामागे गेलं. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडावर परत वर.

नवरा गेला, मेंढरं विकली, मुलगा शेती बघू लागला. मग त्या एका शेजारणीबरोबर आमच्या चर्चमध्ये यायला लागल्या. एकट्याच. घरचे आपल्या देवांचे राहिले. मुलगा दर रविवारी बाईकवरून आईला सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत बाहेर कडुलिंबाखाली मोबाईल बघत बसायचा. त्यावरून घरात कधी भांडण नाही.

साठी उलटल्यावर त्या नातीच्या अंकलिपीवरून वाचायला शिकल्या.

आणि एके दिवशी मला म्हणाल्या, "पास्टर, रविवारचा शास्त्रपाठ एकदा मला द्या. मला समद्यांफुडं वाचायचंय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शास्त्रपाठ म्हणजे उपासनेतलं बायबलवाचन. आम्ही ब्रेदरन पंथाचे. आमच्याकडची जुनी रीत अशी की उपासनेत बायकांनी डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं नाही. वाचन, प्रार्थना, प्रवचन सगळं पुरुषांकडे.

मी स्वतःला प्रोग्रेसिव्ह म्हणवून घेतो. फेसबुकवर तर जरा जास्तच.

रविवारच्या वाचनाच्या यादीत त्यांचं नाव लिहिलं. शनिवारी योहानकाकांचा फोन आला. काका आणे गावचे, आमच्या चर्चचे सगळ्यात जुने एल्डर, म्हणजे कारभार बघणारे वडील. म्हणाले, "बाई वाचायला हुबी ऱ्हायली तर मी उठून जाईन, पास्टर."

मी नाव खोडलं.

दोन महिन्यांनी परत लिहिलं. परत फोन. परत खोडलं.

पास्टरचं आयुष्य म्हणजे रविवारचं प्रवचन असं लोकांना वाटतं. खरं तर सोमवारी मंचरला दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी बसायचं, बुधवारी अवसरीला घरप्रार्थना, मधल्या वारी चर्चचा गळका पत्रा बघायचा. आणि या सगळ्यात कुणी नाराज होऊ नये म्हणून धडपडायचं. या धडपडीलाच मी बरीच वर्षं शहाणपण समजत होतो.

दुसऱ्यांदा नाव खोडल्यावर त्यांना म्हणालो, "प्रभूची वेळ अजून आली नाही बहुतेक."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"पास्टर, तुमी भ्याला का?"

खोटं बोलता आलं नाही. "हो."

"मंग तसं सांगायचं की. देवाचं नाव कशाला फुडं करता?"

मग म्हणाल्या, "मी चाळीस वर्सं मेंढरांमागं वरडले. डोंगरात वरडले, रोडला गाड्या आडवून वरडले. तवा कुणी न्हाई म्हनलं, बाई मानूस हाय, गप ऱ्हा. हितंच का?"

 

तिसऱ्यांदा नाव लिहिलं आणि त्या शनिवारी मीच काकांना फोन केला. "काका, उद्या सगुणाबाई वाचणार आहेत. तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. पण नाव आता खोडणार नाही."

काका आले. त्या उभ्या राहिल्या तसे तेही उभे राहिले आणि बाहेर गेले. पाठोपाठ चार कुटुंबं.

मी दाराकडे बघत राहिलो. त्यांनी बघितलं नाही.

भाग होता बायका पहाटे येशूच्या कबरीकडे जातात तो. माईक उंच, त्या बुटक्या. अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागल्या. एका शब्दाला अडल्या तेव्हा पुढच्या रांगेतून कुणीतरी सांगायला गेलं. त्यांनी हातानेच थांबवलं. अक्षर अक्षर जुळवलं आणि पुढे गेल्या.

शेवटी म्हणाल्या, "चुकलं आसंल तर सांगा. फुडल्या खेपेला नीट वाचीन."

पुढची खेप आली. त्याच्या पुढचीही आली. नंतर त्यांचं बघून रूथने, आमच्या तरुण संघाच्या मुलीने, प्रार्थना चालवायला घेतली.

काका वर्षभर फिरकले नाहीत. मग काकू अंथरुणाला खिळल्या. सगुणाबाई पिशवी घेऊन आण्याला गेल्या आणि पंधरा दिवस तिथे राहिल्या. काकूंना न्हाऊमाखू घातलं, भरवलं. वादाचं अक्षर काढलं नाही, असं काकाच मला नंतर म्हणाले.

काका परत आले. मत बदललं नाही त्यांचं. बाई वाचत असली की मान खाली घालून बसतात.

पण बसतात.

आज सकाळी मुलाने भावकीला सांगितलं, "आईनं सांगितलंय तसंच व्हईल, माती चर्चच्या रीतीनं." कुणी अडवलं नाही.

अडवलं ते आमच्याच लोकांनी. दोन एल्डरांचा फोन आला. "पास्टर, कबरीपाशी तरी संदेश पुरुषाने द्यावा. बाहेरची माणसं येणार."

म्हणालो, "संदेश रूथ देणार. मी शेजारी उभा राहीन."

रूथ बोलली. सुरुवातीला आवाज चिरकला, मग लागला. मुलगा आज पहिल्यांदा आमच्यात उभा होता. नंतर तिला म्हणाला, "ताई, आईला आवडलं आसतं."

योहानकाकांनी मूठभर माती टाकली आणि ते निघून गेले.

पुढच्या बैठकीत मी बायकांनाही एल्डर निवडण्याचा ठराव मांडणार आहे. पडेल, मला माहीत आहे. त्याच्या पुढच्या बैठकीत परत मांडेन.

भीती गेलेली नाही. पण आता तिला देवाचं नाव देत नाही.

सगुणाबाई, तुम्हाला दोनदा थांबवलं त्याची माफी जिवंतपणी मागितली होती. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "चाललं की, पास्टर." आज सगळ्यांसमोर परत मागतो.

शांत झोपा.

तुम्हाला आमच्या सगळ्यांचा सलाम.