दुसरीचा हजेरीपट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या जोडीदार गुरुजींनाही नाही. एका माणसाला ते माहीत आहे, पण त्यालाही मी सांगितलं नव्हतं — त्याचं त्याला कळलं. आधी त्याच्याबद्दलच सांगते. म्हणजे माझ्यापर्यंत यायला जरा वेळ मिळेल.

त्याचं नाव बिभीषण. गाव नांदूरघाटच्या पलीकडे, पोटाला दहा-बारा शेळ्या. मी शिरूर कासार तालुक्यातल्या ज्या वस्तीवर शिकवते, तिथली मंगल ही त्याची बायको — होती. दोघांचं पटलं नाही, संमतीनं घटस्फोट झाला आणि मुलगी पल्लवी आईकडे राहिली. पोर लहान आहे, आईपाशीच बरी, असं तो स्वतःच म्हणाला होता. पण दर शनिवारी दोन एसट्या बदलून यायचा आणि शाळा सुटेपर्यंत लिंबाखाली बसायचा. आमच्याकडे बाप शाळेत दोनदाच दिसतो, नाव घालायला आणि दाखला काढायला. हा बाबा दर शनिवारी हजर! पोरीची वही घेऊन एकेक पान असं निरखायचा, की तपासताना मी स्वतः कधी तितकं बघितलं नसेल.

पल्लवी दुसरीत असताना दिवाळीनंतर तो आला, तर वर्गात पोरगी नाही. मीच सांगितलं, आई आणि मामाबरोबर उसाच्या तोडणीला गेली. हो, मीच सांगितलं — हे लक्षात ठेवा. तो विचारत विचारत थेट त्या फडापर्यंत गेला. पल्लवी बांधावर बसली होती, मामाचं तान्हं मांडीवर घेऊन. मंगलशी त्यानं भांडण केलं नाही. तिला तरी दुसरी वाट कुठे होती? परत आला तो सरळ वकिलाकडे गेला.

वकिलांनी त्याला स्पष्ट सांगितलं. कोर्ट बापाची माया मोजत बसत नाही, लेकराचं हित कशात आहे ते बघतं. लहान मुलगी आईकडून काढून घ्यायची, तर तिथं तिचं नुकसान होतंय हे दाखवावं लागेल. पुरावा एकच. दिवाळीपासून मुलगी शाळेत नाही, असं शाळेचं पत्र.

तो माझ्याकडे आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. म्हणाला, “बाई, जे खरं हाय तेवढंच लिहून द्या. जास्तीचं एक अक्षर नगं.”

आता काय करणार? आता माझ्याकडे यावंच लागेल.

आमच्या वस्तीवर दिवाळीनंतर निम्मा वर्ग रिकामा होतो. शाळा दोन शिक्षकांची. पट घसरला की एक शिक्षक जादा ठरतो, आणि जादा ठरणारी मी असते. घरापासून लांब कुठेतरी बदली — नको होती मला. म्हणून उसाला गेलेल्या पोरांची हजेरी मी लावत होते. रोज. वळणदार अक्षरात. माझ्या हजेरीपटाचं साहेबलोक कौतुक करायचे. पल्लवी तिकडे फडावर तान्हं सांभाळत होती, आणि माझ्या कागदावर ती एक दिवसही चुकली नव्हती.

मी काय लिहून दिलं असेल? मुलगी नियमित हजर आहे, असंच लिहून दिलं. शिक्का मारला. त्यानं तो कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी घातली आणि गेला.

तरी त्यानं कोर्टात अर्ज केलाच, आणि पुढे मंगलच्या वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. हजेरीपट घेऊन मी पिंजऱ्यात उभी राहिले, खरं सांगेन अशी शपथ घेतली. या नोंदी रोजच्या रोज तुम्हीच केल्या का? हो. मुलगी त्या दिवशी वर्गात असायची का?

“हो.”

बिभीषणचे वकील उलटतपासणीला उठले. त्यांनी दोन-तीन प्रश्न जास्त विचारले असते, तर मी तिथंच कोसळले असते. पण बिभीषणनं मागून त्यांची बाही धरली आणि हळूच म्हणाला, “राहू द्या वकीलसाहेब. बाईला पुढं काय इचारू नका.”

बाहेर व्हरांड्यात तो मला एवढंच बोलला, “तुमी खोटं बोलला ते मला कळलं. पर तुमी पडल्या तर शाळा पडंल. मग पोरगी शिकंल कुठं?”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. स्वतःची केस हातातून जाताना शाळेचा विचार करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही.

ताबा मंगलकडेच राहिला. पुढच्या हंगामात पल्लवी पुन्हा उसाला गेली, आणि तिथं कोयता तिच्या नडगीवर बसला. परत आली ती लंगडत. मंगल हादरली. आणि बिभीषणनं कोर्टाचं नावही न काढता तिला विचारलं, तू तोडणीला जाशील तेवढे महिने मी इथं येऊन पोरीला सांभाळू का? मंगलनं काळजावर दगड ठेवून हो म्हटलं. तिचंही मला कौतुक वाटतं.

तेव्हापासून दिवाळी झाली की तो शेळ्यांसकट वस्तीवर येतो. शाळेमागच्या पडीक रानात पत्र्याचं शेड टाकलंय. भाकरी थापतो, वेण्या घालतो. पहिल्या दिवशी एक वेणी कानावर होती, दुसरी मानेवर, आणि पल्लवी ती मिरवत आली होती! आता ती पाचवीत आहे. वर्गातलं सगळ्यात चांगलं वाचन तिचं. नडगीवरचा वण फ्रॉकखालून दिसतो. खेळताना पडले, असं ती मैत्रिणींना सांगते.

दुसरीचा तो हजेरीपट अजून माझ्या कपाटात आहे. मी तो फाडला नाही. कोर्टातून परत आणल्यावर कोणाला दाखवलाही नाही.

या हंगामातही रोज सकाळी घंटेआधी बिभीषण तिला दारापर्यंत आणून सोडतो. मी हजेरीपट उघडेपर्यंत थांबतो. मग म्हणतो, “लिहा बाई. आलीय पोरगी.”

त्यात टोमणा आहे का, हे मी पुष्कळदा शोधलं. नाही. तो फक्त पोरगी आल्याचं सांगतो, आणि मी लिहिते.