उस्तादांचं पाऊल

ज्या माणसाने मला उभं राहायला शिकवलं, त्याचा पाय मी माझ्या पायाने सरकवला. तोही पंधरा पोरांसमोर. आज मी पुण्यात कराटे शिकवते, लोक मॅडम मॅडम करतात, पण ही गोष्ट आठवली की मान वर होत नाही.

आमचं गाव नेकनूरच्या रस्त्यावर. उस्तादांचं तिथे विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. दुष्काळात विहिरी आटल्या, मोटारी चालेनात म्हणून जळेनात, आणि उस्ताद रिकामे झाले. तरुणपणी ते हैदराबादेत कराटे शिकले होते. सोसायटीचं खताचं गोदामही तेव्हा ओस पडलं होतं. त्यांनी चेरमनकडे किल्ली मागितली. चेरमन म्हणाले, "खत न्हाई, बी न्हाई, उंदरं बी पळाली. पोरं तरी नाचू द्या." असा आमचा क्लास सुरू झाला. मुलगी मी एकटीच.

गोदामाची जमीन मातीची होती. प्रत्येकाने घरून तांब्याभर पाणी आणायचं, भांडी विसळलेलं असलं तरी चालेल, आणि ते शिंपडून मगच उभं राहायचं, असा नियम होता. पुढच्या उन्हाळ्यात टँकर चार दिवसांआड यायला लागला आणि शिंपडणं बंद झालं. त्याच सुमारास मी दम्याने आठवडाभर घरी पडून होते. परत आले तर पाऊल टाकायची रीतच बदललेली. आधी पाय जमिनीला घासत पुढे न्यायचा असे. आता तो उचलायचा आणि अलगद ठेवायचा. बाळ झोपलेल्या घरात चालतात ना, तसं. आम्ही कोणी कारण विचारलं नाही. उस्तादांना कोण विचारणार! या पावलाने मला धाप कमी लागायची. मला वाटलं, आपली प्रगती झाली.

पुढे मी स्पर्धा जिंकत गेले. जपानात सहा महिने शिकायला माझी निवड झाली तेव्हा तालुक्याच्या दूध संघाने तिकीट काढून दिलं. तिथली लाकडी जमीन रोज सकाळी आम्हीच ओल्या फडक्याने पुसायचो. पहिल्या दिवशी ते बादलीतलं पाणी मला ओतून देववेना.

तिथल्या म्हाताऱ्या गुरूंनी माझ्या पायाखाली कागद ठेवला आणि पुढे जायला सांगितलं. कागद मागेच राहिला. त्यांनी स्वतःच्या पायाने माझा पाय घासत पुढे सरकवला. तिकडे तसंच शिकवतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. मग दुभाष्यामार्फत विचारलं, "तुला कोणी शिकवलं?" मी खांदे उडवले. "गावाकडे असंच शिकवतात," मी म्हणाले. उस्तादांचं नाव सांगायची मला लाज वाटली, दुसरं काही नाही. आणि उस्तादही आधी पाय घासायलाच शिकवत होते, हे तर मी पार विसरले होते. आपल्याला सोयीचं तेवढंच लक्षात राहतं.

परत आले तेव्हा पुन्हा दुष्काळच होता. गोदामात हार, नारळ, चेरमनचं भाषण, सगळं झालं. मग उस्ताद म्हणाले, "बेटा, आता तू शिकव. आमी बगतो." मी पोरांच्या पायाखाली वर्तमानपत्राचे तुकडे ठेवले. एक पोरगी म्हणाली, "पण ताई, उस्ताद तर पाय उचला म्हणत्यात."

"ते चूक आहे," मी म्हणाले. "उस्तादांना कोणीतरी चुकीचं शिकवलंय."

उस्ताद उठले, पन्नाशीचा माणूस, आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले. "मला बी दाखव," म्हणाले. त्यांची टाच किंचित वर राहिली होती. मी जवळ गेले आणि पायाने त्यांचा पाय पुढे सरकवला. आपल्याकडे चुकून कोणाला पाय लागला तरी आपण झटकन हात लावून नमस्कार करतो. मी तोही केला नाही. मी परदेशातून आले होते ना!

त्या दिवसानंतर मी गोदामात गेलेच नाही, आणि दोन महिन्यांनी पुण्याच्या एका शाळेत मला नोकरी लागली. निघायच्या सकाळी बॅग घेऊन गोदामात निरोप घ्यायला गेले. माझ्या पद्धतीने सराव चालला होता. पंधरा जोड पाय माती घासत होते, आणि धूळ कमरेच्याही वर चढली होती. मी दोन शब्द बोलायला तोंड उघडलं आणि खोकल्याची अशी उबळ आली की भिंत धरून बाहेर यावं लागलं. कितीतरी वर्षांत असा दम लागला नव्हता.

उस्ताद मागोमाग पाणी घेऊन आले. "बस. घाई करू नको. नाकानं घे," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता बोलले, "आठवीत होतीस. हितंच पडलीस. ओठ निळे पडले होते. तवापासून पाय उचलायला लावले, धुरळा होऊ नये म्हणून."

"पण सगळ्यांनाच?"

"तुला एकटीला निराळं केलं असतं तर तू आली असतीस का पुन्हा?"

मला रडू आलं. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू शिकून आलतीस. पोरांम्होरं तुझी मान खाली कशाला घालू?" ते म्हणाले. "अन् तू सांगितलं ते बरोबरच हाय. फरशीवर तसंच टाकत्यात."

मी वाकले, तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं. खरं तर मी तेव्हाच आत जायला हवं होतं. पंधरा पोरांसमोर चुकले होते, पंधरा पोरांसमोरच सांगायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं. तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. पुढची गाडी दुपारी होती, हे मला माहीत होतं. मी बॅग उचलली.

क्लास अजून चालतो. मागच्या महिन्यात तिथली एक मुलगी पुण्यात स्पर्धेला आली होती. पाय सुरेख घासत होती. मी विचारलं, "उस्ताद कसे आहेत?"

"बरे हायेत," ती म्हणाली. "धुरळा लई होतो ना, तोंडाला रुमाल बांधून शिकवत्यात. आमी म्हणलं, पाय उचलून टाकू. तर म्हणले, न्हाई, ताईनं सांगितलंय."