देवाचं चित्र असलेला कागद

पेणला हल्ली चर्चचा एक तरुण पाळक आलाय. मिशी कोवळी, पण मोबाइल भारी. परवा रोह्याला माझ्याकडे येऊन गेला. तो प्रार्थनेचे छोटे व्हिडिओ करतो, सकाळी सकाळी सगळ्यांना पाठवतो, नाताळात नाक्यावर फ्लेक्स लावतो. मला म्हणाला, आजी, तुमच्या काळात तुम्ही लोकांपर्यंत कसे पोचायचात? मी म्हटलं, पायांनी. तो हसला. मग मी त्याला थोडंफार सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते. चहा पिता पिता सांगण्यासारखं ते नाही.

माझे यजमान रोह्यात पाळक होते. आळीतले लोक त्यांना फादर म्हणत. बायको असलेला फादर आळीने कसा पचवला कोण जाणे. भाड्याच्या एका हॉलमध्ये रविवारची उपासना व्हायची. येणारी कुटुंबं सगळी बाहेरची, कंपनीत नोकरीला आलेली. बदली झाली की निघाली. रोह्याच्या मातीतलं एकही माणूस कधी हॉलच्या पायरीपर्यंत आलं नाही. यजमानांना तेवढंच हवं होतं. एक माणूस. तोंडाने म्हणायचे नाहीत, पण खुर्च्या मांडताना एक जास्तीची मांडल्याशिवाय हात आवरायचा नाही त्यांचा.

आणि त्यांच्या मदतीला कोण, तर मी. घाटावरून लग्न करून आलेली, अंगात नुसता उत्साह. तेव्हाची मी आज समोर आली तर मी तिला दार उघडणार नाही. उपासनेचं आमंत्रण छापलेले कागद घेऊन स्टेशनाबाहेर उभी राहायची आणि माणसं निवडायची. ज्याचा चेहरा पडलेला, त्याला आधी कागद. गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाचाच चेहरा पडलेला असतो, हे त्या शहाणीला कुठे ठाऊक! कासूला जा, पेणच्या बाजारात जा. धरमतरच्या धक्क्यावर एक खलाशी दुपारचा घोरत पडला होता, तर त्याच्या खिशात कागद खोचून आली. जागा झाल्यावर त्याला काय वाटलं असेल, त्या बिचाऱ्याला ठाऊक. नाताळात शेजारी फराळाची ताटं पाठवायची, तर करंजीच्या खाली कागद. शेजारणी तेल पुसून तो बाजूला ठेवत आणि ताटात पोह्याचे पापड घालून परत करत. ताट रिकामं कुणी परत केलं नाही.

सुरुवातीचे कागद नुसते अक्षरांचे होते. एका संध्याकाळी यजमान एसटी स्टँडवरून शेंगदाणे घेऊन आले, ते त्यांच्याच कागदाच्या पुडीत. त्यांनी दाणे खाल्ले, कागद मांडीवर सरळ केला. बोलले मीच. म्हटलं, नुसत्या अक्षरांनी माणूस ओढला जात नाही, चित्र पाहिजे. ते म्हणत होते, वचन पुरेसं आहे. मी ऐकते होय! पेणच्या छापखान्यात जाऊन खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ छापून आणला, लाल-निळ्या शाईत, डोक्यामागे तेजाचं गोल वलय. कोकराचे डोळे पेणच्या मूर्तींसारखे चांगले मोठाले आले होते.

आणि काय सांगू, कागद दिसायचे बंद झाले. स्टँडवर पुडी नाही, गटारात तुकडा नाही. यजमान संध्याकाळी फिरायला निघाले की रस्त्याच्या कडा बघत जायचे. परत येऊन म्हणायचे, एकही नाही गं टाकलेला. वाचतायत लोक. हॉलपर्यंत यायला वेळ लागतो, आधी घरात वाचतात. त्या एका समाधानावर त्यांनी कितीतरी वर्षं काढली. मी तर अशी मिरवायचे, जसं काही कोकरू मीच वाढवलंय.

मग कंपनीतली कुटुंबं एकेक करून गेली. मालकाने हॉल परत घेतला. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. यजमानांची छाती भरली, ते पुढच्या खोलीत खाटेवर पडून असायचे. आमची शेजारीण रोज दुपारी येऊन बसायची. माहेर धरमतरकडच्या मिठागरातलं, लहानपण मीठ ओढण्यात गेलेलं, अक्षरओळख नाही. नवरा कधीचाच गेलेला. भिजवलेले वाल घेऊन यायची, आम्ही दोघी सोलत बसायचो आणि ते बघत पडायचे.

एका दुपारी ते तिला म्हणाले, इतकी वर्षं इथे काढली, हाताला काही लागलं नाही.

तिला फार वाईट वाटलं. हातातला वाल ठेवून ती म्हणाली, "असं बोलू नका, बाबा. तुमच्या देवाचा एक कागद आम्ही पायदळी येऊ दिला नाय."

मग तिने सगळं सांगितलं, अगदी मायेने. लग्नपत्रिकेवरचा गणपती, उदबत्तीच्या पुड्यावरची लक्ष्मी, जुन्या कॅलेंडरातले देव, हे कुणी टाकत नाही. देव्हाऱ्यामागे पिशवीत साठवायचं आणि अनंत चतुर्दशीला निर्माल्याबरोबर नदीत सोडायचं. आमचे कागदही त्याच पिशवीत. आळीतल्या बायका आपापले कागद तिच्याकडे आणून द्यायच्या आणि ती ते कुंडलिकेत सोडून यायची. दरवर्षी, उपाशी पोटी.

यजमानांनी विचारलं, "वाचला होता का कुणी?"

"देवाचा फोटो असलेला कागद वाचायचा कसला, बाबा? डोक्याला लावायचा नि ठेवायचा."

मी वालांकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघून हसले असते, दोन शब्द बोलले असते, तरी मी सोसलं असतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ती बिचारी वालाची साल झटकत बसली, आपण काय बोललो हे तिला कळलंच नाही.

पुढे बरेच दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. मग एकदा ती आल्यावर म्हणाले, घरात एक कागद राहिलाय. तुला वाचून दाखवू का?

ती चटकन मागे सरकली. "आज नको. आज मी मासळी खाल्लीय. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावरून न्हाऊन आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात जास्वंदीचं फूल. पोथीला बसतात तशी जमिनीवर बसली. आणि त्या दिवशी नेमका यजमानांचा आवाज गेला होता. ओठ हलले, शब्द निघेना. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

मला तो पाठच होता. मी भराभर सुरू केलं. तिने मला थांबवलं. "हळू गो बाय. स्टेशनावर वाटीत होतीस तशी नको वाचू."

मी हळू वाचलं. थकलेल्यांनो, ओझ्याखाली दबलेल्यांनो, असं ते होतं. इतक्या वर्षांत मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. ती मान हलवत होती. एका ठिकाणी म्हणाली, व्हय, खरं हाय. यजमानांचे डोळे तिच्यावर खिळलेले.

शेवटच्या ओळीशी मी थांबले. खाली हॉलचा पत्ता होता. यजमानांनी बोटाने चादरीवर टकटक केलं. घोगऱ्या, फुटक्या आवाजात म्हणाले, "तेही वाच."

मग वाचलं. रविवारी सकाळी दहा वाजता, अमुक गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आपण अवश्य यावे.

त्या गल्लीतून ती रोज दुधाला जायची. तिथे काय आहे, काय नाही, तिला चांगलं माहीत होतं. तिने ते फूल खाटेच्या कडेला ठेवलं.

"येते, बाबा," ती म्हणाली.

रविवारपर्यंत ते राहिले नाहीत. शनिवारी मूठमाती झाली. रविवारी घर घाटावरच्या नातेवाइकांनी भरलं होतं, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. दहाच्या सुमारास ती दारात उभी राहिली. केस ओले, तेच धुतलेलं लुगडं. कुणीतरी विचारलं, कोण पाहिजे?

"मला बोलावलं होतं," ती म्हणाली.

मी पाहुण्यांना जरा सरकायला सांगितलं आणि तिला जागा करून दिली.