त्यांच्या नावचा रोड टॅक्स

ट्रक गावाबाहेरच्या पुलावर आला की आमचे हे दोनदा हॉर्न वाजवायचे. एक लांब, एक तुटका. तो ऐकला की मी चहा ठेवायची, बिनसाखरेचा. दिवाळीनंतर एका सकाळी अंबडच्या रस्त्याला ट्रक कडेला उभा सापडला. इंजिन चालू होतं आणि ते स्टिअरिंगवर डोकं टेकून होते. ज्यांनी पाहिलं ते म्हणाले, झोपलेत असंच वाटलं.

तेराव्यानंतर धाकट्या दिराने ट्रक हातात घेतला. कापूस, सोयाबीन, जालन्याहून लोखंडी सळया, मिळेल ते भाडं. तो भावाशेजारी बसूनच गाडी शिकला, त्यामुळे पुलावर हॉर्नही तसाच वाजवतो. त्याला ते कळतही नसेल. माझा हात मात्र चहाकडे जातो.

“वहिनी, आजबी साखर इसरल्या का? शुगर दादाला व्हती, मला न्हाई.”

तो हसून म्हणतो आणि तसाच कडू चहा पिऊन टाकतो.

त्यांचा फोन मी बंद पडू दिला नाही. रोज चार्जिंगला लावते. त्यावर फारसं काही येत नाही, पण दर तिमाहीला ट्रकच्या रोड टॅक्सचा मेसेज यायचा. दीर तो मोबाईलवरून भरायचा आणि पावती त्यांच्याच नावाने निघायची. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, इंग्रजी येत नाही, पण त्यांच्या नावाची अक्षरं मी बघून ओळखते. पावती हातात आली की वाटायचं, कुठल्यातरी ऑफिसात ते अजून आहेत. त्यांच्याकडे कोणीतरी काहीतरी मागतंय. गेलेल्या माणसाकडे कोण मागेल?

पाऊसकाळात इन्कम टॅक्सचा रिटर्न भरायची वेळ आली. आधी ते ज्यांच्याकडे जायचे त्यांनी काम सोडलं होतं, म्हणून जालन्यात मस्तगडमधले टॅक्सचं काम बघणारे दुसरे साहेब शोधले. ट्रक गल्लीत शिरत नव्हता. दीर मोठ्या रस्त्यावर गाडीपाशीच थांबला.

“वहिनी, वर गेल्या गेल्या पहिलं हेच सांगा, दादा गेले म्हणून. दाखला पिशवीत खाली हाय. लाजू नका बरं.”

मी मान हलवली. जिना चढताना ते वाक्य मनात म्हणत होते. पण साहेबांनी वर न बघताच “बसा ताई, कागद द्या” म्हटलं आणि मी पावत्या, बँकेचं पुस्तक, डिझेलची बिलं सगळं टेबलावर ठेवलं. दाखला पिशवीतच राहिला.

साहेब भराभर बघत होते. “मालक मोठे टापटिपीचे दिसतात. रोड टॅक्सची एकेक पावती जपलीय. लोक डिझेल धरतात आणि हेच सोडून देतात. गाडी धंद्याची आहे, तर तिचा टॅक्स कमाईतून वजा होतो.”

त्यांनी मालकांना शाबासकी दिली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. दिवाळीनंतरच्या पावत्यासुद्धा साहेबांनी त्यांच्याच खात्यात धरल्या. मी गप्प. अजून थोडं गप्प बसले असते तर ते आणखी एक वर्ष कमावते, टॅक्स भरणारे राहिले असते. कोणाला काय कळणार होतं?

“झालं. आता मालकांच्या फोनवर ओटीपीचा नंबर जाईल. त्यांना फोन लावा आणि तो विचारा.”

माझ्या मांडीवरच्या पिशवीत त्यांचा फोन थरथरला.

तो कधी असा पिशवीत वाजलेला नव्हता. कापडातून उजेड दिसला. मी हात आत घातला तर फोन गरम लागला, जसा त्यांच्या खिशातून काढल्यावर लागायचा. मला वाटलं, उचलावा आणि त्यांनाच विचारावं.

“फोन तुमच्याकडेच आहे? मग मालक?”

“ते न्हाईत,” मी म्हणाले. “दिवाळीनंतर गेले. ट्रकमधीच.”

साहेबांनी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मग आधी केलेलं सगळं त्यांनी पुसलं. म्हणाले, ते गेले त्या दिवसापर्यंतची कमाई आणि तोवरचा टॅक्स त्यांच्या रिटर्नमध्ये, तो वारस म्हणून तुम्ही भरायचा. त्यानंतर ट्रक तुमच्यासाठी चालला, म्हणून त्यानंतरचा टॅक्स तुमच्या कमाईतून वजा करायला बघू. पण गाडी लवकर तुमच्या नावावर करून घ्या. पुढच्या पावत्या तुमच्या नावाच्या पाहिजेत.

पावत्यांचे दोन ढीग झाले. त्यांचा ढीग मोठा होता, तरी तो आता वाढणार नव्हता.

“त्यांचं पूर्ण नाव सांगा, ताई. वारसाच्या अर्जात लिहितो.”

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. तेव्हा ते शेजारी बसून खाली मान घालून हसले होते. मी पावतीवर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, “तसं नको, तुम्ही बोला.” आणि मी बोलले. त्या खोलीत ऐकायला साहेबांशिवाय कोणी नव्हतं, तरी मी दाराकडे बघितलं.

खाली आले तेव्हा दीर टायरपाशी उकिडवा बसला होता.

“सांगितलं?”

“सांगितलं.”

“मंग?”

“गाडी माझ्या नावावर करायची म्हणतात.”

तो उठला. वळून गाडीत बसला.

आता गाडी माझ्या नावावर आहे आणि टॅक्सचा मेसेज माझ्या फोनवर येतो. त्यांचा फोन अजून चार्जिंगला लावते, पण तो वाजत नाही. काल पुलावर हॉर्न झाला, एक लांब, एक तुटका. मी साखरेचा डबा काढला, तो हातात धरून उभी राहिले. साखर घातली की नाही ते आठवत नाही. दिराने चहा पिऊन कप ठेवला आणि साखरेचं नावही काढलं नाही.